भावकीतली तेरा घरं

बेसमेंटमधल्या गालिच्यावरून व्हॅक्यूम फिरवला की अजूनही काळे रबराचे दाणे निघतात. मोहरीएवढे, बोटांत दाबले तर मऊ. कृत्रिम गवताच्या मैदानात ते पसरलेले असतात आणि खेळणाऱ्याच्या बुटांतून, मोज्यांतून, वेणीतून घरी येतात. लेक पहिल्यांदा सुट्टीला आली तेव्हा मला खरंच वाटलं, मिसळणाचा डबा कुणीतरी कलंडवला. तिचं कॉलेज २०२२ मध्ये संपलं, ती नोकरीला सिअ‍ॅटलला गेली. दाणे इथेच राहिलेत.

ती चार वर्षं मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात सॉकर खेळली. गोलकीपर होती. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी त्यांच्या हरण्याबद्दल बरंच बोलणार आहे, आणि तिच्या मैत्रिणींना मराठी येत नसलं तरी त्यांच्या फोनला येतं.

ते कॉलेज ज्या कॉन्फरन्समध्ये आहे तिचं नाव मिनेसोटा इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स. आद्याक्षरं जोडून सगळे 'मायॅक' म्हणतात. कॉन्फरन्सला मराठीत काय म्हणावं हा घोळ मी बरेच दिवस घातला. परिषद म्हटलं की मला साहित्य परिषद, सतरंज्या आणि आभारप्रदर्शन दिसतं. स्पर्धा म्हणावं तर तसंही नाही. स्पर्धेची नावनोंदणी दर वर्षी होते, जिंकलेला ढाल घेऊन जातो, विषय संपतो. हा कॉलेजांनी आपसात केलेला कायमचा करार आहे. यंदा आम्ही तुमच्याकडे येऊ, पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे या. नियम सगळ्यांना सारखे. आणि कितीही वाईट हरलो तरी पुन्हा तारीख काढू.

हे सगळं मी एका रविवारी फोनवर अण्णांना सांगत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं पी.टी.चे सर होते. खो-खोचे संघ घेऊन एसटीने फिरण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भावकी म्हण की."

भावकीच. पण एका रक्ताची नव्हे. १९२० मध्ये सात कॉलेजांनी मिळून ही मोट बांधली: कार्लटन, गुस्टाव्हस अडॉल्फस, हॅमलिन, मॅकॅलेस्टर, सेंट जॉन्स, सेंट ओलाफ आणि सेंट थॉमस. मिनेसोटाच्या थंडीत येऊन राहिलेल्या एकेका पंथाने आपापल्या पोरांसाठी काढलेली ही कॉलेजं. हॅमलिन मेथडिस्टांचं, १८५४ चं, राज्यातलं सर्वांत जुनं. मॅकॅलेस्टर प्रेस्बिटेरियनांचं. गुस्टाव्हस स्वीडिश ल्युथरनांचं, सेंट ओलाफ नॉर्वेजियन ल्युथरनांचं. सेंट जॉन्स बेनेडिक्टाइन साधूंच्या मठाचं, सेंट थॉमस आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी १८८५ मध्ये स्थापलेलं. पुढे दशकभरात मूरहेडचं कॉन्कॉर्डिया, मिनीॲपोलिसचं ऑग्सबर्ग आणि विनोनाचं सेंट मेरीज आलं. त्यातली कॉन्कॉर्डिया आणि ऑग्सबर्ग पुन्हा नॉर्वेजियन ल्युथरनच! ऑग्सबर्ग आणि सेंट ओलाफ यांच्यामागच्या मंडळींचं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असं फाटलं होतं की चर्च दोन झाली. एका देवाची, एका भाषेची माणसं वेगळी चूल मांडायला किती तत्पर असतात हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. परदेशात चार घरं झाली की दोन गणपती बसतात. तर असे हे पंथ देवळात एकमेकांचं तोंड बघत नव्हते, पण शनिवारी मैदानावर भेटायचे. मुंबईत पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे संघ उतरायचे, ते १९४६ मध्ये मिटवावे लागले. इथे धर्म हळूहळू आपोआप पातळ झाला, नावं राहिली. आज कॉन्कॉर्डियाच्या संघाला कुणी ल्युथरन म्हणत नाही, 'कॉबर' म्हणतात, आणि त्यांचं बोधचिन्ह आहे रागावलेलं मक्याचं कणीस. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सामना सोडून कणसाचेच फोटो काढले.

भावकीत येणं-जाणं सुरुवातीपासूनच होतं. कार्लटन पाचेक वर्षांतच बाहेर पडलं आणि शेजारच्या राज्यांत पसरलेल्या मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये गेलं. ते परत आलं १९८३ मध्ये. सेंट ओलाफही पन्नासच्या सुमाराला गेलं आणि सत्तरच्या दशकात परतलं. गंमत म्हणजे ही दोन्ही कॉलेजं नॉर्थफील्ड या एकाच गावात आहेत, मध्ये कॅनन नदी. गावाचं ब्रीदवाक्यच आहे 'गाई, कॉलेजं आणि समाधान'. म्हणजे काही काळ एकाच गावातले दोन भाऊ वेगवेगळ्या भावक्यांत नांदत होते, तरी आपसांतला अमेरिकन फुटबॉलचा सामना सोडत नव्हते. १९७७ मध्ये तर त्यांनी तो चक्क मीटरमध्ये खेळला! अमेरिका मेट्रिक पद्धत स्वीकारणार अशी तेव्हा हवा होती, म्हणून कार्लटनच्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या कल्पनेवरून यार्डांऐवजी मीटरांचं मैदान आखलं. सामन्याचं नाव 'लीटर बोल'. सेंट ओलाफने ४३–० असं धुतलं. अमेरिकेने मीटर काही घेतला नाही. मी इथे येऊन वीस वर्षं होऊन गेली, अजून औंसाचा हिशेब करताना माझं तोंड वाकडं होतं, त्यामुळे त्या सामन्याबद्दल मला विशेष माया आहे.

डुलुथचं सरकारी विद्यापीठही मधली काही दशकं या भावकीत होतं, सत्तरच्या दशकात ते निघालं. खाजगी चर्चवाल्यांत एक सरकारी घर, ते कितीसं रमणार. बॅप्टिस्टांचं बेथेल त्यानंतर आलं. मुलींच्या स्पर्धा सुरू झाल्यावर सेंट कॅथरिन आणि सेंट बेनेडिक्ट ही केवळ मुलींची दोन कॉलेजं आली. त्यातलं सेंट बेनेडिक्ट म्हणजे सेंट जॉन्सचा दुसरा पाय. वर्ग एकत्र, बस एकच, पण मुलगे सेंट जॉन्सच्या नावाने खेळणार आणि मुली सेंट बेनेडिक्टच्या. त्यामुळे सभासद मोजायला बसलं की घरं तेरा, पण कुठल्याही एका खेळात तेराही कधी नसतात.

सेंट जॉन्सबद्दल थोडं जास्त सांगते, कारण अण्णांना त्यातलं एक पात्र फार आवडतं. जॉन गॅग्लियार्डी. १९५३ ते २०१२ एवढी वर्षं हा माणूस तिथे अमेरिकन फुटबॉल शिकवत होता. त्याच्या नावावर ४८९ विजय आहेत, कॉलेज फुटबॉलमध्ये तेवढे दुसऱ्या कुणाचेच नाहीत. पण अण्णांना आकड्यांत रस नाही. या माणसाच्या सरावात शिट्टी नव्हती. अंगावर धावून पाडणं, जो त्या खेळाचा गाभा, तो सरावात बंद. 'कोच' म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. संघात यायला धडपडणाऱ्या पोरांना वगळणंही नाही. येतील तेवढे सगळे घ्यायचे. मी हे सांगितलं तेव्हा अण्णा फोनवर बराच वेळ गप्प.

"शिट्टी नाही? मग पोरं ऐकतात कशी?"

अण्णांची स्वतःची शिट्टी अजून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लटकलेली आहे. त्यांना हा प्रश्न नंतर अनेक दिवस पुरला.

आता हरणाऱ्यांकडे येते.

इथल्या महाविद्यालयीन खेळांच्या तीन श्रेणी आहेत. मायॅक तिसऱ्या श्रेणीत. तिचा पहिला नियम हा की खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, एक डॉलरही नाही. टीव्हीवर दिसणारं लाख माणसांचं स्टेडियम, करोडोंचे प्रशिक्षक, ते सगळं पहिल्या श्रेणीचं. आमच्या सामन्यांना घडीच्या खुर्च्या, गुडघ्यावर पांघरूण आणि थर्मासमधला चहा. मुलगी बायोकेमिस्ट्रीची प्रयोगशाळा संपवून धावत बस पकडायची, मूरहेडला जायला-यायला सात तास, त्यात पुस्तक उघडून बसायची. मग हरलं-जिंकलं तर बिघडलं कुठे, असं मलाही आधी वाटे.

बिघडतं. मॅकॅलेस्टरला विचारा. अभ्यासात नावाजलेलं, सेंट पॉल शहराच्या मध्यात असलेलं कॉलेज. कोफी अन्नान तिथे शिकले आणि कॉलेजसाठी धावलेसुद्धा. पण फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये, १९७४ ते १९८० या काळात ते सलग ५० सामने हरले. पन्नास! १९७७ मध्ये कॉन्कॉर्डियाच्या कणसांनी त्यांना ९७–६ असं सोललं. १९८० च्या सप्टेंबरात शेवटच्या काही सेकंदांत एक किक बरोबर बसली आणि साखळी तुटली. पुढेही दिवस फारसे पालटले नाहीत. २००१ च्या हंगामानंतर मॅकॅलेस्टरने फुटबॉलपुरतं घर सोडलं. बाकी सगळे खेळ मायॅकमध्ये, फुटबॉल बाहेर. काही वर्षं एकटेच फिरले, मग २०१४ मध्ये मिडवेस्ट कॉन्फरन्समध्ये गेले आणि पहिल्याच वर्षी तिथलं विजेतेपद घेतलं. जेवढ्या पाण्यात पोहता येतं तेवढ्यात उतरावं, यात लाज ती काय? मला तरी तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. अण्णांना पटत नाही. त्यांच्या मते हरणाऱ्याने पळायचं नसतं. पण अण्णांची पोरं अनुदानित कॉलेजची होती, आणि इथे मुद्दा पैशाचा आहे.

छोट्या खाजगी कॉलेजचा संसार फीवर चालतो. फुटबॉलच्या एका संघात ऐंशी-शंभर मुलं असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना कुठेतरी खेळायचं असतं म्हणून ती या कॉलेजात येतात, आणि फी भरतात. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात ही शंभर मुलं म्हणजे काय, ते लेखापालाला विचारावं. शाळेतून बाहेर पडणारी मुलंच या भागात घटत चालली आहेत, तेव्हा प्रत्येक डोकं मोजलं जातं. सतरा वर्षांच्या पोराने कॉलेज निवडताना फोनवर जुने निकाल बघितले आणि त्याला ९७–० दिसलं, तर तो माहितीपत्रक घरी नेईल का?

९७–० हा आकडा मी उदाहरणादाखल घेतलेला नाही. २०१७ च्या हंगामात सेंट थॉमसने सेंट ओलाफला तेवढ्यानेच हरवलं. दोघेही १९२० च्या सातांतले.

सेंट थॉमस तोवर खूप मोठं झालं होतं. पदवीचे सहा हजारांच्या आसपास विद्यार्थी, राज्यातलं सर्वांत मोठं खाजगी विद्यापीठ. भावकीतल्या पुढच्या नंबरच्या घराच्या जवळजवळ दुप्पट. बास्केटबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं, बेसबॉलची, सॉफ्टबॉलची, व्हॉलीबॉलचं. फुटबॉलमध्ये २०१२ आणि २०१५ ला राष्ट्रीय अंतिम सामना. सगळ्या खेळांची बेरीज करून जो चषक द्यायचे तो वर्षानुवर्षं तिकडेच मुक्कामाला. आणि त्याच २०१७ मध्ये सेंट जॉन्सशी त्यांचा सामना मिनीॲपोलिसच्या टार्गेट फील्डवर झाला, ३७,३५५ माणसं आली. तिसऱ्या श्रेणीत एवढी गर्दी आधी कधी झाली नव्हती. म्हणजे ज्या घरामुळे इतरांचा श्वास कोंडत होता, त्याच घरामुळे भावकीचं नाव पंचक्रोशीत होत होतं.

२२ मे २०१९ ला बातमी आली. सेंट थॉमसला सदस्यत्वातून 'इच्छेविरुद्ध' दूर करण्यात येत आहे, २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत खेळता येईल. कारण: स्पर्धेतला समतोल. त्यांनी काही नियम मोडला होता असं कुणीच म्हटलं नाही. नियम मोडला नाही, पैसे चारले नाहीत, फक्त फार जिंकले. त्यांना काढलं नाही तर इतर कॉलेजंच बाहेर पडून नवी कॉन्फरन्स करतील अशी कुजबुज वर्तमानपत्रांत आधीपासून होती.

खरं सांगते, त्या दिवशी मला बरं वाटलं. मागच्याच शरद ऋतूत आमच्या पोरींनी त्यांच्याकडून ०–५ मार खाल्ला होता. माझी लेक चेंडू जाळ्यातून काढून काढून पाठीत वाकली होती, आणि त्यांच्या बाकावर राखीव खेळाडूच वीस. मी बांधावर उभी राहून कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने सातारी शिव्या दिल्या होत्या. तेव्हा निघाले ते बरंच झालं, असं म्हणत मी अण्णांना फोन लावला.

"वाळीत टाकलं म्हण की," अण्णा म्हणाले.

"अण्णा, असं नाही काही. फार मोठे झाले होते ते."

"अगं, आमच्याकडं कबड्डीत हेच होतं. थोराडांपुढं बारकी पोरं टिकत नाहीत, मग वजनी गट करतात. पंचावन्न किलोचा वेगळा, खुला वेगळा. पण वजनी गट करायचा तर आधी तराजू आणतात, बाई. सगळ्यांना वजनाला उभं करतात. एकालाच बोट दाखवून 'तू जाड आहेस, नीघ' म्हणत नाहीत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीटसं नाही. मी एवढंच म्हणाले की कॉन्कॉर्डियाने ९७ केले तेव्हा कुणी त्यांना काढलं नव्हतं. हा मुद्दा माझ्याच विरुद्ध जातो हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. कॉन्कॉर्डिया त्या वर्षी बलवान होतं, पुढे कधीतरी उतरणार होतं. आज तुझी पाळी, उद्या माझी. सेंट थॉमसचं चाक खाली येईल अशी आशा कुणालाच उरली नव्हती. चाक फिरायचं थांबलं की भावकीत कागद निघतात.

त्या ऑक्टोबरात, १९ तारखेला, सेंट पॉलच्या अलायन्झ फील्डवर टॉमी आणि जॉनी पुन्हा भिडले, म्हणजे सेंट थॉमस आणि सेंट जॉन्स. आम्ही नवरा-बायको गेलो होतो, चिवडा गाडीतच विसरला. एकोणीस हजारांवर माणसं. पुढच्या वर्षी अजून एक सामना होणारच आहे अशा हिशेबाने लोक आले होते, त्यामुळे निरोपाचं वातावरण वगैरे काही नव्हतं. माझ्या शेजारी लाल टोपीतले एक आजोबा बसले होते, त्यांची जांभळ्या स्वेटरमधली बायको पलीकडे. लाल जॉनींचा, जांभळा टॉमींचा. दोघांनी संपूर्ण सामनाभर एकमेकांशी शब्द काढला नाही आणि मध्यंतरात एकाच कपातून हॉट चॉकलेट प्यायले. जॉनी ३८–२० ने जिंकले. १९०१ पासून चालत आलेला हा सामना भावकीतला शेवटचा ठरला, कारण २०२० चा फुटबॉल हंगाम कोरोनाने खाल्ला.

सेंट थॉमसचं पुढे चांगलंच झालं. तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत जाण्याची परवानगी त्यांना मिळाली, तशी आधुनिक काळात कुणाला मिळाली नव्हती. फुटबॉलसाठी ते पायोनियर लीगमध्ये गेले आणि २०२२ मध्ये, दुसऱ्याच वर्षी, तिथलं विजेतेपद घेतलं. त्या लीगमध्येही फुटबॉलला शिष्यवृत्ती नाही, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. फक्त आता ते कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला विमानाने जातात. मॅकॅलेस्टर त्यांच्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर, तिथे ते जात नाहीत. आणि मॅकॅलेस्टर? ते २०२१ मध्ये फुटबॉलसह मायॅकमध्ये परत आलं. जिंकणारा दरवाज्याने गेला त्याच वर्षी हरणारा परसदाराने आत आला. फुटबॉलचे दोन उपगटही पाडले. अण्णांना हे कळवलं तर म्हणाले, "आणला का शेवटी तराजू!"

तेरावं घर रिकामं राहिलं नाही. डुलुथचं सेंट स्कोलास्टिका त्याच वर्षी आलं, बेनेडिक्टाइन जोगिणींनी काढलेलं. त्यामुळे लेकीच्या शेवटच्या हंगामात आम्ही पहिल्यांदाच उत्तरेला गेलो. लेक सुपीरिअरवरून असा वारा येत होता की उंच मारलेला चेंडू हवेत थबकून विचार करत असल्यासारखा दिसे. नवीन घर, नवीन माणसं, त्यांच्या पालकांनी आम्हाला ब्राउनी दिल्या, मी तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. छान झालं सगळं.

परतताना ती आमच्याच गाडीत होती. मी विचारलं, चार वर्षांतला कुठला सामना लक्षात राहील? मला वाटलं आजचा म्हणेल, किंवा दुसऱ्या वर्षी पेनल्टी अडवून जिंकला होता तो.

म्हणाली, "टॉमींशी हरलो होतो तो. दोन शून्यवाला."

तो २०१९ मधला. सेंट पॉलला त्यांच्या मैदानावर. तिने अकरा चेंडू अडवले, दोन गेले. एक इतक्या जवळून आला होता की हाताच्या आतल्या बाजूला चेंडूच्या शिवणीचा षटकोन उमटला होता; तो आधी लाल, मग जांभळा, मग हिरवा होताना मी पुढचे दहा दिवस व्हिडिओ कॉलवर पाहिला. एरवी पाच-सहा गोल खायचे, त्या दिवशी दोनच.

"बसमध्ये आम्ही एवढ्या मोठ्याने गात होतो ना आई, की ड्रायव्हरने माइकवर विचारलं, 'काय गं पोरींनो, जिंकलात वाटतं?' आणि सगळी बस एका सुरात ओरडली, 'नाही!' आणि परत गायला लागली."